'ऑस्ट्रेलिया डे'ची तारीख बदलावी

'ऑस्ट्रेलिया डे' हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवस २६ जानेवारीला असतो आणि त्याच्या तारखेचा वाद दर जानेवारीत पेटतो. २६ जानेवारी १७८८ रोजी, वसाहत वसवायला आलेल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख आर्थर फिलिप यांनी सिडनी कोव्ह इथे ब्रिटिश झेंडा रोवला. पुढे आदिवासींच्या जमिनी गेल्या, मुलं हिरावली गेली. १९३८ मध्ये, दीडशे वर्षांचा सोहळा रंगात असताना, त्यांनी सिडनीतच शोकदिन पाळला होता. हे दुःख काही आजचं नाही. उलट, सर्व राज्यांत नेमक्या याच तारखेला सुट्टी देण्याची प्रथा १९९४ पासूनची. तिला परंपरा कसं म्हणायचं? १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहतींचं एक राष्ट्र झालं, पण तो दिवस नववर्षात बुडतो, हे मान्य. मग तिसरा दिवस शोधावा. ज्यांच्या पूर्वजांचं सर्वस्व गेलं, त्यांनाच त्या दिवशी आनंद करा म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.

– एक वाचक