गृहमंत्री महोदय, खून व्हायच्या आधीही पोलीस लागतात

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो. अंबडच्या एमआयडीसीत फिटर होतो, आता निवृत्त आहे. तुमचा वेळ मोलाचा, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात आमच्याच कॉलनीच्या उद्यानासमोर माझ्या मुलावर कोयत्याने वार झाला. डोक्यावर येणारा घाव त्याने हातावर घेतला. उजव्या हाताच्या नसा तुटल्या. पोरगा सीएनसी मशीनवर काम करतो. माप घ्यायचा वर्नियर धरायला अंगठा लागतो, आणि अंगठाच वळत नाहीये. डॉक्टर म्हणतात, फिजिओथेरपी करत राहा, बघू. लग्न ठरत आलं होतं, तिकडूनही आता 'बघू' असाच निरोप आहे.

वार करणारे शोधायला श्वानपथकाची गरज नव्हती. त्यांची नावं आम्ही आधीच पोलीस ठाण्यात लिहून दिली होती. उद्यानाच्या कट्ट्यावर रोज रात्री दारू, गांजा, क्लासवरून येणाऱ्या मुलींवर शेरेबाजी. मुलाने हटकलं, तर 'तुला बघून घेतो' म्हणाले. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, करून घेतली, कागद हातात दिला आणि सांगितलं, 'काही झालं तर या.' झालं. मग गेलो.

त्याआधी मोहल्ला कमिटीच्या बैठकीत एका साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, उद्यानाजवळ रात्रीची गस्त सुरू होईल म्हणून. टाळ्या वाजल्या, चहा झाला, फोटो निघाले. गस्तीची गाडी आम्ही पाहिली ती वार झाल्यानंतर, रक्तावर माती टाकून झाल्यावर.

त्याच आठवड्यात शहरात दुसरीकडे एक खून पडला. तिथे चॅनेलच्या गाड्या, पुढाऱ्यांची रीघ, आणि ठरलेलं वाक्य: 'कोणाचीही गय केली जाणार नाही.' आमची बातमी आतल्या पानावर तीन ओळींत, त्यातही आडनाव चुकलेलं. एका वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, 'काका, सिरियस आहे का? म्हणजे जगेल ना?' जगेल म्हटल्यावर त्याचा उत्साहच गेला. त्याला तरी काय बोलू? त्याच्या साहेबाला मयत लागतं, तुमच्या खात्यालाही मयतच लागतं.

तुमच्याच सरकारी नोंदी काढून बघा. २०२२ साली देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्यांतले ९,९६२ वादावादीतून, ३,७६१ वैमनस्यातून. पैशाच्या लोभाने झालेले १,८८४. म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसले मोठमोठे कट बाजूला ठेवा, निम्म्याच्या आसपास खून भांडण नाहीतर जुन्या खुन्नशीतून होतात. भांडण आधी गल्लीला कळतं, मग ठाण्याच्या वहीत येतं, मग कोयता निघतो. वहीत येतं तेव्हा तुम्ही काय करता? महाराष्ट्रात त्या वर्षी २,२९५ खून झाले, देशात तिसरा नंबर. पुढच्या, म्हणजे २०२३ च्या आकड्यांचा अहवाल यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. एवढ्या वेळात आमच्या कट्ट्यावरची पोरं मिसरूड फुटून तडीपारही होतात.

२०२५ च्या ऑक्टोबरात 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं गुंडांकडून हात जोडून वदवून घेतल्याचे व्हिडिओ घरोघरी फिरले. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बालेकिल्ल्याची भिंत रीलमध्ये उभी राहते काय? माझ्या मुलावर वार करणाऱ्यांतला एक जण आजही चौकातल्या फ्लेक्सवर आहे. वाढदिवस दादांचा, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल लावून हा. फ्लेक्स उतरवायला महापालिका धजत नाही, दादा ओळख दाखवत नाहीत, आणि पोलीस म्हणतात तपास चालू आहे. तिघेही आपापल्या जागी अगदी बरोबर असतात, हे मला या वयात नव्याने कळलं.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. कॅमेरे येतील, जादा बंदोबस्त येईल. यायलाच हवा, लाखो लोक रामकुंडावर येणार आहेत. पण भाविक गेल्यावर आम्ही इथेच राहणार आहोत, आणि बंदोबस्ताला नेलेला आमचा बीट हवालदार तेवढे महिने आम्हाला दिसणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

मागणी काही मोठी नाही. धमकीची एनसी आली की समोरच्याला बोलावून नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १२६ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र घ्या. पूर्वी त्याला १०७ ची नोटीस म्हणायचे, म्हणजे तरतूद काही आजची नाही. अदखलपात्र तक्रारींचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. आमची एनसी तिथे पोहोचली होती का, एवढं कळवा. आणि पोलीस अधिकाऱ्याचं कौतुक करताना त्याने किती खून उघडकीस आणले हे विचारता, तसं किती तक्रारी वेळेत मिटवल्या हेही विचारा. त्याची प्रेस नोट निघणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच तर ते होत नाही.

उद्यानासमोरचा दिवा लावायचं काम महापालिकेचं आहे, असं तुमचा माणूस मला सांगेल. महापालिका म्हणेल वीज कंपनीचं. या पत्रावरही 'योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग' असा शिक्का मारून ते त्याच ठाण्यात पाठवू नका. तिथे आमचा एक कागद आधीच पडून आहे.

आपला,
सिडकोतला एक निवृत्त कामगार