साखरपुड्याच्या दिवशीचा सेमिनार

डार्मस्टाट, जर्मनी,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी येथे सुखरूप आहे, थंडी सोसवेल इतकी उतरली आहे आणि आईने दिलेले मेतकूट अजून अर्धा डबा शिल्लक आहे, तेव्हा माझ्या जेवणाची काळजी नसावी. परवा फोनवर बाबांनी विचारले, "तो सेमिनार टाळता आला नसता का?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

सेमिनार म्हटले की आपल्याकडे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मागच्या रांगेत बसून ऐकणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. इथला सेमिनार हा अभ्यासक्रमातला एक विषयच असतो. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक शोधनिबंध नेमून देतात, तो तीन-चार महिने वाचून त्यावर स्वतःचा लेख लिहायचा आणि शेवटी दोन दिवस सर्वांनी एकत्र बसून आपापला निबंध मांडायचा, अशी पद्धत आहे. या दोन दिवसांची हजेरी सक्तीची असते. ती चुकली तर विषय पुढे नव्याने घ्यावा लागतो, आणि सत्र वाढले की कर्जावरचे व्याजही वाढते. तारखा ऑक्टोबरातच ठरल्या होत्या, दादाच्या साखरपुड्याचा दिवस गुरुजींनी जानेवारीत काढला. मी प्राध्यापकांना विचारले होते, बाबा. त्यांनी माझी वेळ सकाळची करून देण्याची तयारी दाखवली, पण घरी येऊन परत जाण्याइतके दिवस काही त्यातून निघाले नसते.

या शिक्षणाचा पुढे उपयोग काय, हेही तुम्ही विचारले होते. आपण नांगरटीला ट्रॅक्टर विकत न घेता भाड्याने बोलावतो, तसे येथे कंपन्या संगणक तासावर, किंबहुना सेकंदावर भाड्याने घेतात. यालाच 'क्लाउड', म्हणजे ढग, असे नाव आहे. ॲमेझॉनने २००६ साली ही सेवा खुली केली आणि तेव्हापासून हा व्यवसाय फोफावला. आजीला सांगा की ढगात काहीही ठेवलेले नसते. यंत्रे जमिनीवर, मोठमोठ्या इमारतींत असतात आणि अशा कितीतरी इमारती इथून जवळच फ्रँकफुर्टमध्ये आहेत. दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेले जळून गेले तर, ही बाबांची शंका अगदी रास्त आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे अशी एक इमारत खरोखरच जळाली, आणि ज्यांनी दुसरी प्रत त्याच आवारात ठेवली होती त्यांचे काम कायमचे गेले. तुम्ही जमिनीच्या कागदांचा एक संच घरी आणि एक मामांकडे ठेवता, तेच शहाणपण इथेही शिकवतात.

माझ्या वाट्याला गूगलमधल्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांचा २०१३ सालचा निबंध आला होता. एखादा संगणक शंभरांतली नव्याण्णव उत्तरे झटपट देत असेल तर तो एकटा वेगवानच म्हणायचा. परंतु जेव्हा एका माणसाच्या प्रश्नासाठी शंभर संगणकांना एकदम विचारावे लागते आणि शंभरही उत्तरे आल्याशिवाय पान दिसत नाही, तेव्हा शंभरांपैकी ६३ माणसांना खोळंबावे लागते. हे वाचताना मला आपली पंगत आठवली. सर्वांचे जेवण उरकले तरी आप्पाकाकांचा ताकभात होईपर्यंत कोणी पानावरून उठत नाही, आणि पुढची पंगत दारात ताटकळते. यावर निबंधात उपाय आहे तो असा की एका यंत्राने लगेच उत्तर दिले नाही तर तोच प्रश्न दुसऱ्याला विचारायचा आणि आधी येईल ते उत्तर घ्यायचे. एका चाचणीत, हजारांत एखाद्या वेळी होणारा जो १,८०० मिलिसेकंदांचा खोळंबा होता तो ७४ वर आला, आणि प्रश्नांची संख्या वाढली ती अवघी दोन टक्के. मी फळ्यावर पानांची रांग काढून, शेवटच्या पानावर आप्पाकाका बसवून हे सांगितले, आणि ते सर्वांना समजले.

समजले हे मला कसे कळले, ते सविस्तर सांगायला हवे. येथे वर्गात टाळ्या वाजवत नाहीत. व्याख्यान संपले की प्रत्येक जण हाताची मूठ करून बोटांच्या पेरांनी समोरच्या बाकावर ठकठक वाजवतो. ही ठकठक म्हणजे तक्रार नव्हे आणि घाईही नव्हे, तो मान आहे. रोजच्या तासाला ती दोन-तीन सेकंद चालते, एखाद्याने मनापासून शिकवले तर अधिक वेळ, आणि विद्यार्थी बोलला तर प्राध्यापकही वाजवतात. आपल्याकडे कोणी असा बाक वाजवला तर त्याला वर्गाबाहेर काढतील. पहिल्या दिवशी मी तर घाबरले होते की मुले चिडली आहेत. माझे बोलणे संपले तेव्हा तो आवाज खोलीभर उठला, गोठ्याच्या पत्र्यावर वळवाचे टपोरे थेंब पडावेत तसा. त्या वेळी इथे दीड वाजला होता, म्हणजे तिकडे सहा. आई, तू वहिनीची ओटी भरत होतीस. फोटोत तुझ्या शेजारी तबक धरून आत्या उभी आहे, तिथे मी असायला हवी होते. तो फोटो मी वारंवार पाहते. पण रडत नाही, तू तसे मनात आणू नकोस.

आता पैशांचे. एप्रिलपासून मला विभागात आठवड्याला दहा तासांचे मदतनिसाचे काम मिळाले आहे. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बँकेच्या अडकवलेल्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात माझे भागते. म्हणून मे महिन्यापासून कर्जाच्या व्याजासाठी दरमहा पंधरा हजार रुपये मी पाठवीन. बाबांनी नाही म्हणू नये. माझ्या तिकिटासाठी तूर घाईने विकू नका आणि आईने पाटल्यांना हात लावू नये. लग्नाला मी येणारच आहे, जास्तीत जास्त दहा दिवस राहता येईल, पण तिकीट अजून काढलेले नाही, हे लपवत नाही. कऱ्हाडच्या स्थळाला मी नकार देत नाही. फक्त पदवी हातात येईपर्यंत माझी पत्रिका कोणाला देऊ नये, एवढेच काकूंना सांगावे.

वहिनीचा शालू घ्यायला जाल तेव्हा दुकानातून मला व्हिडिओ कॉल करा. इथे कितीही वाजले असले तरी मी उचलेन.

तुमची,
धाकटी