आतड्याच्या कॅन्सरमधली स्टेम सेल ओळखतात कशी? आई-बाबांना पत्र

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काकांना कुणीतरी पाठवलेली ती जाहिरात वाचली. रक्तातल्या कॅन्सर स्टेम सेल मोजून रोग परत येणार का ते सांगतो, असा तिचा दावा आहे. बाबा, ही चाचणी करावी का, असं तुम्ही विचारलंत. आई, तुझा प्रश्न होता की या पेशी मुळात ओळखतात कशा. आधी तुझा प्रश्न घेते. तो नीट उलगडला की बाबांचं उत्तर फार लांब राहत नाही.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात क्रिप्ट नावाच्या बारीक खाचा असतात. खाचेच्या तळाशी स्टेम सेल असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि काही दिवसांत झडून जातात. या तळाच्या पेशींची एलजीआर५ ही खूण (त्यांच्यावर असणारं एक प्रथिन) २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने दाखवली. पुढे २००९ मध्ये त्यांनीच उंदरांच्या या पेशींमधलं एपीसी हे वाढीला लगाम घालणारं जनुक बंद केलं आणि गाठी भराभर वाढल्या. वर सरकलेल्या पेशींत तेच केलं, तर तशा गाठी क्वचितच झाल्या.

कॅन्सरच्या गाठीतही अशीच उतरंड दिसते. बऱ्याच पेशी थोडं विभागून थांबतात, काही मोजक्या पेशी मात्र अख्खी गाठ नव्याने उभी करू शकतात. त्यांनाच कॅन्सर स्टेम सेल म्हणतात, म्हणजे ही ओळख कामावरून ठरते. विरजणात जीव आहे का हे नुसतं बघून कळत नाही. ते ताज्या दुधात घालावं लागतं आणि त्या दह्याने पुन्हा नवं दूध लागतं का तेही पाहावं लागतं. इथेही तसंच आहे.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध घातलेल्या थंड द्रावात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवतात. आतड्यातला तुकडा म्हटल्यावर जंतू आलेच. तो वारंवार धुतला नाही, तर एक-दोन दिवसांत सगळ्या प्लेट गढूळ होतात. मग ब्लेडने मिलिमीटरभराचे कण करायचे आणि कोलॅजिनेज व डीएनएज ही विकरं (पेशींमधलं जाळं आणि सुटा डीएनए तोडणारी) घालून ३७ अंशांवर अर्धा ते एक तास हलवत ठेवायचे. मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए चिकट असतो, त्यात जिवंत पेशींचे गोळे होतात, म्हणून डीएनएज लागतं. ट्रिप्सिन या दुसऱ्या विकराने काम लवकर होतं, पण ते पेशीच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनंच कापतं आणि शोधायची खूण तर तिथेच असते. पुढे ७० आणि मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं आणि फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारं ट्रिपॅन ब्लू घालून जिवंत पेशी मोजायच्या. या पेशी एकमेकींपासून सुटल्या की मरू लागतात. ते थोपवायला वाय-२७६३२ हे रसायन घालतात, बहुधा १० मायक्रोमोलर.

यानंतर ठरावीक खुणेलाच चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या रंगाच्या अँटीबॉडी लावून बर्फावर साधारण अर्धा तास ठेवायचं आणि फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर पेशी निवडायच्या. आधी मेलेल्या पेशी वगळायच्या, कारण त्या कुठलीही अँटीबॉडी ओढून घेतात. मग चिकटलेल्या जोड्या काढायच्या, कारण एकीवर खूण आणि दुसरीवर नाही, तरी यंत्राला ती खुणेची एकच पेशी वाटते. सीडी४५ असलेल्या पांढऱ्या पेशी आणि सीडी३१ असलेल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी बाजूला काढायच्या. उरलेल्यांतल्या एपकॅम (अस्तराच्या पेशींची खूण) असलेल्या पेशी घ्यायच्या आणि मगच त्यांच्यात सीडी१३३ किंवा सीडी४४ या स्टेम सेलच्या मानलेल्या खुणा बघायच्या. 'खूण आहे' आणि 'खूण नाही' यांमधली रेषा अंदाजाने ओढायची नसते. ती एक अँटीबॉडी सोडून बाकी सगळ्या घातलेल्या नमुन्यावरून ठरते.

इथवर फक्त निवड झाली. परीक्षा पुढे आहे: प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या गटांना १०,०००, १,०००, १००, १० अशा उतरत्या संख्येने पेशी टोचायच्या आणि किती उंदरांत गाठ येते ते पाहायचं. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदीर कोरे राहतात, त्या मात्रेत सरासरी एक स्टेम सेल असते, असं पॉयसाँचं संभाव्यतेचं गणित सांगतं. आलेली गाठ सोडवून पुन्हा नव्या उंदरात लावायची आणि ती मूळ गाठीसारखीच दिसते का ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं. त्यात उंदराच्या स्वतःच्या पेशी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर सगळे आकडे चुकतात.

२००७ मध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने हे करून दाखवलं. न निवडलेल्या पेशींत सुमारे ५७,००० मागे एक गाठ उभी करणारी होती आणि सीडी१३३ असलेल्या पेशींत २६२ मागे एक. त्याच वर्षी रोममधल्या गटानेही सीडी१३३ हीच खूण मांडली. पण बाबा, हा आकडा उलटा वाचून बघा: खूण असलेल्या २६२ पेशींपैकी २६१ स्टेम सेल म्हणून उतरल्याच नाहीत. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, दुसऱ्या एका गटाला यकृतात पसरलेल्या गाठींतल्या सीडी१३३ नसलेल्या पेशींपासूनही उंदरांत गाठी मिळाल्या. त्याच वर्षी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये दिसलं, की आणखी दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले तर चारांतली एक पेशीसुद्धा गाठ उभी करते. म्हणजे आकडा पेशीइतकाच परीक्षेवरही अवलंबून असतो.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते २०१७ मधलं काम. टोकियोच्या तोशिरो सातो यांच्या गटाने माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या एलजीआर५ पेशी उंदरात ठरवून मारल्या. गाठ आक्रसली, पण मारणं थांबवल्यावर परत वाढली, कारण केआरटी२० ही पक्व पेशींची खूण असलेल्या, पिकून थांबल्यासारख्या पेशींतूनच नव्या एलजीआर५ पेशी तयार झाल्या. स्टेम सेल असणं ही पेशीची कायमची जात नाही, ती एक अवस्था आहे आणि ती बदलते.

आता बाबा, तुमचा प्रश्न. सीडी४४ जवळजवळ सगळ्या पांढऱ्या पेशींवर असतं आणि सीडी१३३ अस्थिमज्जेतून येणाऱ्या निरोगी मूलपेशींवरही. ऑपरेशन होऊन गाठ निघून गेलेल्या माणसाच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी बहुधा सापडतच नाहीत, सापडल्या तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेवढ्यांवर उतरत्या मात्रेची परीक्षा होऊच शकत नाही. तिथे नुसती खूण मोजून 'स्टेम सेल इतक्या' असं लिहून देणं मला मान्य नाही. काकांनी त्यावर पैसे घालवू नयेत, असं त्यांना माझ्या नावाने सांगा.

त्यापेक्षा त्यांची फाइल काढा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये किमान १२ लसीकाग्रंथी तपासल्यात का ते बघा. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी झालेली नसेल, तर डॉक्टरांशी बोलून गाठीच्या मेणात जपून ठेवलेल्या ब्लॉकवर करून घ्या. सीईए (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची चाचणी) पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी करतात. ती दर वेळी एकाच लॅबमध्ये करावी, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो. विडीनेही सीईए चढतं, तेव्हा त्यांनी ती सोडलीच पाहिजे. सीटी स्कॅन डॉक्टर देतील त्या तारखांना आणि पहिली कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ऑपरेशननंतर वर्षभरात.

आणि बाबा, तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ आहात. त्या चारांपैकी एखादं प्रथिन गायब निघालं, तर प्रश्न घराण्याचाही असू शकतो, मग आपल्या सगळ्यांनाच जनुकीय सल्ला घ्यावा लागेल. ते काहीही निघो, तुमच्या कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना या महिन्यातच विचारा. आई, तू त्यांच्यासोबत जा आणि बीपीच्या व रक्त पातळ करायच्या गोळ्यांची यादी बरोबर ने. त्या गोळ्या कधी थांबवायच्या, थांबवायच्या की नाही, हे डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका.

रिपोर्टचे फोटो काढून पाठवा, मी ओळ न् ओळ वाचेन.

तुमची,
लेक