झाकण की चष्मा?

पुणे,
नारळी पौर्णिमा

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या गाडीच्या दिव्यांसाठी फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं" म्हणता आणि फोन ठेवून देता. दोनदा अनुभव घेतला. समोर येऊन मानावेत तर नेमका तेव्हाच तुम्हाला मापं घ्यायचा व्हर्नियर पुसायचा असतो. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणालात, घालत नाही. आपल्या सोसायटीत ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

काय झालं होतं ते इतरांना कळावं म्हणून थोडं मागून सांगते. माझी गाडी २०११ची. एक शनिवार सोडून पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणीतून माणगावला आईकडे जाते. मे महिन्यात पौडच्या अलीकडे एका खडीच्या डंपरमागे सापडले आणि टक्क आवाज आला. घरी येऊन पाहते तर डाव्या फॉगलाइटच्या, म्हणजे बंपरमधल्या धुक्याच्या दिव्याच्या, काचेवर कोळ्याचं जाळं. उजव्या काचेलाही चीर होती, ती कधी पडली ते मला माहीतच नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत. त्या चिरेत दगडाची खूण कुठेच नाही, सरळ आडवी गेली आहे, म्हणजे दिवा तापलेला असताना डबक्यातलं गार पाणी अंगावर उडालं. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की होतं तेच, फक्त उलट बाजूने. डॉक्टरने क्ष-किरणाची फिल्म खिडकीशी धरावी तशी ती काच धरून तुम्ही हे बोललात.

तुमच्याकडे येण्याआधी मी सगळे दरवाजे ठोठावून झाले होते. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, नुसती काच मिळत नाही, अख्खा दिवा घ्या. डावा आहे, उजव्याची ऑर्डर टाकतो. ती ऑर्डर अजून टाकलेलीच आहे. नाना पेठेत चार दुकानं फिरले. डुप्लिकेट जोड मिळत होते, पण बंपरला बसणारे त्यांचे कान वेगळे. एक पोरगा म्हणाला, "कानस मारून बसवतो ना ताई." आणि एका गॅरेजवाल्याने वर आणखी उदारपणा दाखवला, "३५ वॅटचा बल्ब काढून ५५चा टाकू, झकास उजेड पडेल." मी आयुष्यभर ताळेबंद जुळवणारी बाई. मला वाटलं, वीस जादा मिळतायत, घ्यावेत.

मग तुमच्या दारात आले आणि म्हणाले, "काका, प्लॅस्टिकची गोल चकती कापून द्याल का?"

तुम्ही मापं घेतली नाहीत. "जुनी काच काय काम करत होती?" असं विचारलंत.

"दिवा झाकत होती," मी.

"बघ बरं. झाकण आहे की चष्मा, ते आधी बघ."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. बाकी सगळं त्यातूनच आलं. तुम्ही मला फुटक्या काचेचा तुकडा हातमोजा घालून धरायला लावलात आणि आतून बघायला सांगितलंत. आतून साधी, गुळगुळीत. मग मागच्या रिफ्लेक्टरकडे बोट दाखवलंत. त्याच्यावर लहान लहान चकत्यांचे पैलू. म्हणजे माझ्या दिव्यात उजेडाला आकार देण्याचं काम मागचा आरसा करतो, काच फक्त चिखल आणि पाणी बाहेर ठेवते. झाकण. जुन्या गाड्यांत उलटं असायचं. रिफ्लेक्टर गुळगुळीत आणि काचेवर उभ्या पट्ट्या, त्या पट्ट्याच उजेड डावी-उजवीकडे पसरवायच्या. तो चष्मा. चष्म्याच्या जागी साधं प्लॅस्टिक लावलं तर दिवा लागतो, छान चकचकीत दिसतो, आणि उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी मधेच गोळा होऊन बसतो.

बी विंगमधल्या गृहस्थांना तुम्ही नकार का दिलात, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या काचेवर पट्ट्या होत्या. ते अजून लिफ्टमध्ये सांगतात, "काकांनी तिला करून दिलं, मला नाही." हे पत्र त्यांनीही वाचावं, आणि खाली जाऊन आपल्या काचेवरून आतून बोट फिरवावं.

प्लॅस्टिक कोणतं, यावरही मी घाई केली होती. पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा मागून आणला होता, फुकट. तुम्ही काहीच न बोलता त्याची बोटभर पट्टी कापलीत, व्हाइसमध्ये धरलीत आणि वाकवलीत. काड्कन मोडली. मग शेडचं काम करणाऱ्याकडून आणलेली ३ मिलिमीटरच्या पॉलिकार्बोनेटची तशीच पट्टी. ती वाकली, आणखी वाकली, दुमडून परत आली, मोडली नाही. "आता दगड कुठल्याला मारायचा ते तू ठरव." शिवाय ॲक्रिलिक शंभराच्या आसपासच मऊ पडायला लागतं, पॉलिकार्बोनेट १४०च्या पुढेपर्यंत तग धरतं, हेही सांगितलंत. ॲक्रिलिकची बाजूही तुम्ही मांडलीत म्हणा. ते उन्हात पिवळं पडत नाही, पॉलिकार्बोनेट पडतं, आणि चरे तर नखानेसुद्धा जातात. म्हणूनच एका बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असलेला प्लॅस्टिकचा पत्रा शोधत तुम्ही दोन दिवस काढलेत.

दिवा किती तापतो ते मोजायला मी ऐटीत कोविडच्या वेळची कपाळावर धरायची ती बंदूक आणली. तिने पहिल्यांदा दाखवलं "लो" आणि थोड्या वेळाने "हाय". तिला बिचारीला माणसाच्या तापापलीकडचं जग माहीत नाही. तुम्ही हसलात. (तुम्हाला हसताना मी एवढं एकदाच पाहिलं आहे, म्हणून नोंद करते.) मग मल्टिमीटरला तापमान मोजायची वायर लावून, गाडी उभी ठेवून, अर्धा तास दिवा चालू. बल्बच्या बरोबर वर, सगळ्यांत तापलेल्या जागी, ७८ अंश. तेही ३५ वॅटच्या बल्बवर. त्या गॅरेजवाल्याचा ५५चा बल्ब होल्डरमध्ये मुळात बसतच नाही, त्याचे खाचे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात आणि लोक ते कापून बसवतात, हे ऐकून मला माझ्या त्या जादा विसाची लाज वाटली.

आता कुरडईची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

काच किंचित फुगीर होती, त्यामुळे सपाट चकती चालणार नव्हती. तुम्ही लेथवर सागवानी ठोकळा त्याच फुगवट्याचा कातून घेतलात, त्याच्यावर डाग उठू नयेत म्हणून फ्लॅनेल ताणलंत. ओव्हन माझा. केक करायचा. पहिला तुकडा मी तुमची वाट न बघता घातला, तापमान १८५, प्लॅस्टिक छान मऊ पडलं, ठोकळ्यावर टाकलं, आणि आतमध्ये हजार बुडबुडे. सोडावॉटर गोठल्यासारखं. मला वाटलं पत्राच खराब.

तुम्ही आलात, तुकडा उजेडाकडे धरलात आणि विचारलंत, "कुरडई न वाळवता तळतेस का?"

पावसाळ्यात पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी धरून ठेवतं. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. एकदम तापवलं की त्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसते. म्हणून आधी त्यावरचा कागद काढून १२० अंशांवर तासन्‌तास वाळवायचं, मग गार न होऊ देता तसंच पुढे तापवायचं. त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात सकाळी सातपासून प्लॅस्टिक वाळत होतं आणि तुम्ही स्टुलावर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होतात. उभे चार, आडवे नऊ अडले होते. दुपारी बाहेर आलेला तुकडा विहिरीच्या पाण्यासारखा स्वच्छ.

आणि तोही तुम्ही नाकारलात!

कारण कागद काढताना उन्हाची बाजू कोणती, त्याची खूण मी करायची होती आणि मी ती केली नव्हती. दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. मी म्हटलं, "काका, पन्नास टक्के तर शक्यता आहे की बरोबर असेल." तुम्ही तो तुकडा बाजूला ठेवलात आणि नवीन तुकड्याच्या कडेला, नंतर कापून जाणाऱ्या भागात, खिळ्याने फुली मारलीत. पुन्हा वाळवण. रात्रीचे साडेआठ वाजले. कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला पन्नास टक्के म्हणजे काय वाटतं, ते तुमच्या तोंडावर दिसलं. वर्षअखेरीला माझा ताळेबंद एका रुपयाने चुकला तर माझं तोंड असंच होत असणार.

जोडणीचं काम त्या मानाने पटकन झालं. जुना गोंद हीट गनने मऊ करून काचेचे तुकडे काढणं, गॉगल माझ्या डोळ्यांवर आधी आणि तुमच्या नंतर. उजव्या दिव्यात पाणी शिरून रिफ्लेक्टरची चकाकी पापुद्र्यासारखी सुटली होती, ती परत चढत नाही म्हणालात. मग रविवारचा जुना बाजार. मंगळवार पेठेत एका पथारीवर काच फुटलेला पण आरसा धड असलेला तसाच दिवा मिळाला. मी घासाघीस करत होते, तेव्हा तुम्ही पैसे देऊन मोकळे झालात. सिलिकॉन घेताना तुम्ही दुकानातच नळी उघडायला लावून वास घेतलात. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, ते वाळताना आरशाची चकाकी खातं. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच, त्याच्या वाफेने आतून पांढरी धूळ बसते. हे दोन मुद्दे मी लिहून ठेवले आहेत, आणि आता इथे लिहिल्यामुळे आणखी कुणाच्या उपयोगी पडतील.

आणखी एक लिहिते, कारण तुम्ही ते स्वतःहून मला बजावलं होतंत. जुन्या काचेवर गोलात ई आणि शेजारी बी अशी अक्षरं कोरलेली होती, ती त्या दिव्याला त्या काचेसकट मिळालेल्या मान्यतेची. आपल्या झाकणावर ती नाहीत. "हे टिकेल, पण कागदावर नाही. मूळ दिवा आला की बदलायचा." टेकडीवर एआरएआय, ती गाड्या तपासणारी संस्था, दिसते तिकडे हात करून म्हणालात, "तिथले लोक हे बघतील तर मला उभं करतील." काम स्वतःच्या हाताने इतकं नीट करून त्याची मर्यादाही आधीच सांगणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

मग पार्किंगच्या भिंतीवर खडूने रेघा. गाडी २५ फुटांवर, टायरमध्ये हवा भरून. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर एक रेघ आणि तिच्याखाली चार इंचांवर दुसरी. उजेडाची वरची कड त्या खालच्या रेघेवर आणायची. वॉचमन मामांना वाटलं सत्यनारायणाची तयारी आहे. उजवा दिवा दोनदा वर गेला, दोनदा तुम्ही स्क्रू फिरवलात, आणि शेवटी भिंतीवर एक सपाट, रुंद पट्टा पडला. त्याच्या वर काळोख. "हा काळोखच महत्त्वाचा," तुम्ही म्हणालात. मी मान डोलावली, कळलं काहीच नव्हतं.

कळलं जुलैच्या तिसऱ्या शनिवारी. मुळशी धरणाचा काठ संपला आणि ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरलेला. सवयीने अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारला तर समोर दुधाची भिंत. अप्पर काढला, खालचे दोन दिवे लावले. ती भिंत वर उचलली गेल्यासारखी झाली आणि तिच्या खालून रस्त्याची पांढरी कड दिसायला लागली. पंधरा-वीस फूट, जास्त नाही. पण डाव्या बाजूची कड, जिथे रस्ता संपतो आणि दरी सुरू होते, ती दिसत होती. त्या कडेला धरून मी पुढचे कितीतरी किलोमीटर गेले. भाऊ म्हणतो पिवळी फिल्म लाव, पिवळा उजेड धुकं फाडतो. मी त्याला तुमचं उत्तर ऐकवलं, की धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की त्यांना पांढरा काय आणि पिवळा काय. फार तर डोळ्यांना बरं वाटेल. तो गप्प बसला नाही, पण विषय बदलला.

आणि हो, शहरात आले की दिवे बंद करते. कर्वे रस्त्यावर चांदणं पडलेलं असताना फॉगलाइट लावून फिरणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोलता ते इथे छापण्यासारखं नाही.

वर चरे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म लावून घेतली. कोरड्या फडक्याने पुसत नाही, साबणाचं पाणी फक्त. पेट्रोल पंपावर एका पोराने पेट्रोलचा बोळा घेऊन दिवे पुसायला सुरुवात केली, तेव्हा मी अशी ओरडले की दोन रांगा थांबल्या. पेट्रोलने पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा पडतात, हे त्याला समजावत बसले. तुम्ही असतात तर नुसतं बघितलं असतंत.

पैशांचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत, त्यावर मी भांडत नाही. पण तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला होता, तो या पत्राबरोबर येतो आहे. आपल्याकडे डबा रिकामा पाठवत नाहीत, तेव्हा आत नारळी भात आहे. गूळ बेताचा घातला आहे, तुमची साखर माहीत आहे मला.

आपली,
सी विंग, तिसरा मजला

ता. क. परवाच्या पावसात उजव्या झाकणाच्या आत खालच्या बाजूला वाफ धरली होती. दिवा लावल्यावर दहा मिनिटांत गेली. मागच्या श्वासाच्या भोकाला तुम्ही हात लावू नकोस म्हणाला होतात, लावलेला नाही. दहा मिनिटं ठीक आहेत ना? पंधरा झाली तर खाली येते. उभे चार, आडवे नऊ सुटले का?