बोटीची तारीख द्या, नाहीतर स्पष्ट ‘नाही’ म्हणा : बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणपतीला मुंबईहून कोकणात प्रवासी बोट सुटेल, असे आपण जाहीर केले होते. वर्तमानपत्रांत बोटीचे छायाचित्र छापून आले आणि ती कोणते बंदर किती तासांत गाठील याचे आकडेही आले. त्या आकड्यांवर विसंबून मी रेल्वेचे आरक्षण केले नाही. माझी आई ८६ वर्षांची आहे, तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि बोटीची बातमी तिला मीच मोठ्याने वाचून दाखवली होती. चतुर्थी चार दिवसांवर आली तेव्हा हवामान आणि परवानग्या अशी कारणे सांगून बोट पुढे ढकलल्याचे समजले. ‘पुढे’ म्हणजे कधी, हे कोणीही सांगितले नाही. तोपर्यंत रेल्वेची प्रतीक्षायादीसुद्धा बंद झालेली होती, म्हणून मिळेल त्या बसने आम्ही निघालो आणि १९ तासांनी घराच्या पायरीशी उतरलो.

त्या १९ तासांपैकी ४ तास माणगावच्या अलीकडे गाडी जागची हललीसुद्धा नाही. वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून आईने दुपारनंतर पाण्याचा घोट घेतला नाही. रात्री तिच्या पायांना सूज आली आणि तिने माझा हात धरून ठेवला. ती रडली असती तर मला कमी त्रास झाला असता. मूर्ती घरात आली, आरती झाली, पण आईला पाटाजवळ बसता आले नाही. तिसऱ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, ‘बोट असती तर मी आडवी होऊन आले असते.’ तिने बोटीचा प्रवास केलेला आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ती मुंबईला गेली ती बोटीनेच, आणि मीही लहानपणी तिच्या मांडीवर डोके ठेवून ‘रोहिणी’ बोटीच्या डेकवर झोपलेलो आहे. म्हणून आपण जे वचन मोडलेत ते आमच्यासाठी एखाद्या नव्या योजनेचे वचन नव्हते. जी वाट आमच्या पायाखालून काढून घेतली गेली, ती परत देण्याचे ते वचन होते.

मला आपली दिलगिरी नको आहे. भाद्रपदात बोट सोडण्याची घोषणा करण्यापूर्वी हा समुद्र जाणणाऱ्या एका तरी माणसाला आपण विचारले होते का, एवढेच मला विचारायचे आहे.

शंभर वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर आगबोटी नियमित चालत होत्या, आणि पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद असत. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या तोंडी ‘शेफर्ड कंपनी’च्या, बोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत. मृगाच्या सुमारास शेवटची बोट गेली की किनारा मिटत असे. पावसाळ्यात गावी यायचेच झाले तर माणसे रेल्वेने कोल्हापूर गाठत आणि पुढे घाट उतरत. ती वाट खडतर होती, पण निघताना प्रत्येकाला ठाऊक असे की आता बोट नाही. कोणत्याही कंपनीने गणपतीला बोट देतो असे सांगून कोणाला धक्क्यावर उभे केले नाही. तेव्हा बोटी भरून येत त्या शिमग्याला आणि मे महिन्यात. जाताना त्याच बोटींतून आंब्याच्या करंड्या मुंबईला जात. समुद्राच्या पंचांगाप्रमाणे माणसांनी आपले येणे-जाणे बसवलेले होते. आपण निवडणुकीच्या पंचांगाप्रमाणे समुद्राला बसवायला निघालात, आणि त्याची किंमत माझ्या आईच्या पायांनी दिली.

हे लिहिताना त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. डेकच्या उतारूंना माणूस म्हणून फारसे कोणी मोजत नव्हते. सतरंजी अंथरून जेवढी जागा धरता येईल तेवढी आपली, शेजारी वळकट्या, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या. वारा पडला की इंजिनाच्या कोळशाचा धूर अंगावर येई आणि बोट लागून मळमळणारी माणसे कठड्याला धरून ओणवी होत. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि भोंगा झाला की किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे उतारू ने-आण करणाऱ्या होड्या, निघत. लाट वर आली की शिडीवरून पडावात पाय टाकायचा, लाट खाली गेली असेल तर थांबायचे. ही विद्या बायका-मुलांनाही शिकावी लागे. खारवी, गाबीत, दाल्दी खलाशी म्हाताऱ्यांना अक्षरशः उचलून घेत. आजी सांगत असे की पहिल्या खेपेला तिने डोळे मिटून घेतले होते आणि पडाववाला तिला म्हणाला होता, ‘बाय, डोळे उघड, मगच पाय टाक.’

या बोटींनी कोणाला नेले, याचा विचार आपल्या खात्याने कधी केला आहे का? १९२१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत राहत असल्याची नोंद आहे. रत्नागिरी म्हणजे तेव्हा आजचा सिंधुदुर्गही. गिरण्यांचे साचे, गोदीतली हमाली, घरकाम, छापखाने, शाळा या सगळ्यांना लागणारी माणसे बहुतांशी या समुद्रावरून गेली आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर मागे राहिलेली घरे जगली. माझे आजोबा त्यांतलेच. मुंबई उभी करणाऱ्या माणसांना मुंबईशी जोडणारी वाट नक्की कोणती होती, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीतही येत नाही. त्याच पुस्तकात ७२० किलोमीटरच्या किनाऱ्याचा अभिमान मात्र मुलांकडून पाठ करून घेतला जातो.

आता बुडालेल्या बोटींविषयी लिहितो, कारण आपल्या ‘हवामानामुळे’ या एका शब्दामागे काय आहे ते आपल्याला कळले पाहिजे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी कोकणच्या समुद्रात वादळात सापडून बुडाल्या. पावसाळा संपलेला होता, बोटी सुरू झाल्या होत्या, आणि तरीही हे घडले. आजोबा त्याच महिन्यात गावी यायचे होते. ते कोणत्या बोटीने निघाले हे घरी माहीत नव्हते. आजी आठ दिवस रोज बंदरावर जाऊन उभी राहिली. नवव्या दिवशी त्यांचे पत्र आले की रजा मिळाली नाही, शिमग्याला येतो. तिने ते पत्र मरेपर्यंत ट्रंकेत जपले. तिच्या शेजारी बंदरावर उभ्या राहणाऱ्या काही बायकांना मात्र कधीच पत्र आले नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, ‘रामदास’ बुडाली. दिव्याच्या अवसेचा दिवस, सकाळची वेळ, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी जेमतेम काही तासांची खेप. काशाच्या खडकाजवळ लाटांत ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, म्हणून मुंबईच्या इतक्या जवळ माणसे बुडत असताना मुंबईला कित्येक तास पत्ता लागला नाही. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडून आणि रेवसच्या बाजूच्या मच्छीमारांकडून बातमी आली. स्वातंत्र्याला एक महिनासुद्धा उरला नव्हता. महोदय, ही बोट भर पावसाळ्यात निघाली होती. म्हणूनच हवामान वाईट होते म्हणून आपण बोट सोडली नाही, यासाठी मी आपल्याला दोष देणार नाही. हा निर्णय योग्यच होता. पण श्रावण-भाद्रपदात अरबी समुद्र कसा असतो, हे आपल्याला चतुर्थीच्या चार दिवस आधी समजले का? जे रेवसच्या पोराला कळते ते मंत्रालयात कळायला छायाचित्रे छापून व्हावी लागतात, याचा मला संताप आहे.

आणखी एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. ‘रामदास’ ही परक्यांच्या कंपनीची बोट नव्हती. गोऱ्यांच्या मक्तेदारीला तोंड देण्यासाठी देशप्रेमी मंडळींनी लोकांकडून पैसा उभारून जी कंपनी काढली, जिला कोकणात सगळे ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिची ती बोट. ‘माझी’ हा शब्द लोकांनी दिला, कारण त्यात त्यांचा पैसा होता आणि बोटींना त्यांच्या संतांची नावे होती. अशीच एक दक्षिणेकडची हकीकतही आपल्याला ठाऊक असेल. टिळकांचे अनुयायी चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि कोलंबोच्या वाटेवर ब्रिटिश कंपनीशी दरयुद्ध केले; १९०८ मध्ये सरकारने त्यांना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकले. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी म्हणून केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणले. आपल्या किनाऱ्यावर आपल्या बोटी चालाव्यात यासाठी माणसांनी भागभांडवल दिले, तुरुंग भोगला, आणि ‘रामदास’वर जीवही गमावले, कारण आपली कंपनी असली म्हणून माणसांच्या सुरक्षिततेचा हिशेब आपोआप नीट होत नाही. पुढे सरकार आपले झाले, किनाराही आपला झाला आणि बोट बंद पडली. माझ्या तरुणपणीच ती बंद पडली, आणि तिच्यासाठी कोणी राजीनामा दिल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर आम्हाला प्रत्येक वाटेवर फक्त थांबायला शिकवले गेले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिचे ऋण आम्ही मानतो, पण सणाला तिची आरक्षणे काही मिनिटांत संपतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाला दीड दशक होत आले, आणि दर वर्षी गणपतीआधी खड्डे पाहण्यासाठी एक दौरा होतो. मग बोटीची घोषणा होते. मी स्वतः अशा चार घोषणांची कात्रणे ठेवली आहेत. प्रत्येकीत तासांचे आकडे वेगळे, बंदरे वेगळी, पण छायाचित्रातले हसू एकच. आमची घरे वर्षातून एकदा उघडतात, म्हणून आम्हीही वर्षातून एकदाच आठवण्याजोगे आहोत, असे या सगळ्या व्यवस्थेने ठरवून टाकलेले आहे. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे मुंबईला जायचे असेल तर तो सण नसतो, आणि म्हणून त्यासाठी घोषणाही नसते.

माझे मागणे फार मोठे नाही. पावसाळ्यात बोट देऊ नका; कोणी मागितली तरी देऊ नका. दसऱ्यानंतर समुद्र निवळला की मेअखेरपर्यंत, आठवड्यातून ठरलेल्या वारी का होईना, पण ठरल्याप्रमाणे सुटणारी बोट द्या, आणि तिचे वेळापत्रक ठरवताना बंदराबंदरांतल्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांना आणि नाखवांना समोर बसवून विचारा. बोट कुठे नांगरते, भरती-ओहोटीत धक्क्यावर पाणी किती राहते, गाळ कुठे भरला आहे, हे त्यांना कागद न उघडता सांगता येते. धक्क्यावर सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह आधी बांधा, नंतर फीत कापा. प्रत्येक बंदरावर बोटीच्या परवान्यातली उतारूंची संख्या मोठ्या अक्षरांत लावा आणि तेवढी माणसे चढली की शिडी ओढून घ्या, मग उरलेल्यांत कोणाचाही माणूस असो. चढलेल्या प्रत्येक उतारूचे नाव किनाऱ्यावर लिहिलेले राहू द्या, म्हणजे माझ्या आजीसारखे कोणाला आठ दिवस बंदरावर उभे राहावे लागणार नाही.

हे पत्र मी आपल्या कार्यालयालाही टपालाने पाठवले आहे. मागच्या वर्षी पाठवलेल्या पत्राला ‘आपले निवेदन संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ असे उत्तर आले होते, आणि तो विभाग कोणता हे शोधण्यात माझे चार महिने गेले. या वेळी तसे उत्तर पाठवू नका. बोट सुरू होणार असेल तर तारीख लिहा. होणार नसेल तर ‘नाही’ एवढा एकच शब्द लिहा, म्हणजे पुढच्या गणपतीसाठी मी ६० दिवस आधी पहाटे उठून आईचे रेल्वेचे तिकीट काढीन.

आपला,
कोकणचा एक उतारू