प्यायच्या वेळची मीटिंग

नारायण पेठ, पुणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या दारूचा विषय निघाला की तुला ऑफिसचा कॉल येतो आणि मग मीही पावसापाण्यावर घसरतो. म्हणून सरळ कागद घेतला.

ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या मीटिंगला जाऊन आल्यावर तू आईला म्हणालास, "तिथे सगळे रिटायर्ड काका, माझं काय काम?" असतील काका. पण एका गटावरून अख्ख्या ए.ए.ला मोडीत काढू नकोस. प्रत्येक गट आपापल्या पद्धतीने चालतो. कुठे ए.ए.च्या पुस्तकातलं पान वाचून त्यावर बोलतात, कुठे नुसतं शेअरिंग. भाषा वेगळी, वयं वेगळी. चारपाच ठिकाणी जाऊन मग नावं ठेव. आपण पुणेकर आहोत, नावं ठेवायला कोणी अडवणार नाही.

मीटिंग निवडायची कशी, यावर माझं एकच म्हणणं आहे. तू ज्या वेळी पितोस त्या वेळची शोध. रविवारी सकाळी दहाची सोयीची आहे, असं तू म्हणालास. रविवारी सकाळी तुला कुठे प्यावंसं वाटतं? तेव्हा तू शहाण्यासारखा पोहे खात असतोस. तुझं खरं संकट शुक्रवारी रात्रीचं. नदीपात्रातला सराव संपतो, ढोल खाली ठेवतात आणि कोणीतरी विचारतो, "बसायचं का?" त्या प्रश्नाच्या वेळी तू दुसरीकडे बसलेला हवास. संध्याकाळच्या मीटिंगा असतात त्या काही उगाच नाही. तास-दीड तास मीटिंग, मग चहा, मग रेंगाळणं, तेवढ्यात ती वेळ टळते.

मी स्वतः एका ओपन मीटिंगला बसून आलो. ओपन म्हणजे घरच्यांनी किंवा कोणीही यावं अशी. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची, तिथे मला प्रवेश नाही आणि नसावाच. शाळेचा वर्ग होता, फळ्यावर सतराचा पाढा तसाच राहिलेला. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागत होते. एक रिक्षावाला बोलला. बायको माहेरी गेली ते त्याने सांगितलं, आणि मुलाच्या दप्तरात क्वार्टर लपवायचा तेही. कोणी च्‌च्‌ केलं नाही, उपदेश नाही, मध्ये तोंड घातलं नाही. आपल्या घरात हे कधी जमलंय? नंतर वर्गणीचा डबा फिरला. मी खिशात हात घातला तर शेजारचा म्हणाला, "तुम्ही पाहुणे, राहू द्या." बाहेरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत हा त्यांचा नियमच आहे. फी नाही, रजिस्टर नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तुझ्या ऑफिसला कळेल ही भीती सोड. पुण्यात आडनाव न विचारता चहा देणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

ही चळवळ 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे. दलालाला कामाच्या गावी पिण्याची तलफ आली तेव्हा त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला. तोही वेळेचाच प्रश्न होता बघ.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो. जिवावर बेततं. तू आठवड्यात किती दिवस पितोस ते आम्हाला नाही सांगितलंस तरी डॉक्टरांना खरं सांग. आणि त्यांनी दिलेली गोळी मीटिंगमधल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. दाखल व्हायची वेळ आली तर आपल्याच गावात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिता अवचटांनी 1986 मध्ये उभं केलं, पु.लं.चा हातभार होता. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. फोनवर विचारायचं असेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

वाकडहून पेठेत संध्याकाळी यायचं म्हणजे शिक्षा, हे मान्य. म्हणून रोजची मीटिंग तुझ्या बाजूची बघ. अगदीच अडकलास तर ऑनलाइन. पण सुरुवातीला तरी माणसांत बस. मोबाइलवर कॅमेरा बंद करून काय चालतं ते तुझ्या ऑफिसच्या कॉलवरून मला ठाऊक आहे.

आई अल-अ‍ॅनॉनला जायला लागली आहे. ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं. तू गेलास, न गेलास, तरी ती जाणार. परवा तुझा रात्री फोन लागला नाही, तर ती उठून बसली नाही, झोपली. मीच जागा होतो.

शुक्रवारी ऑफिसातून थेट इकडे ये. आपल्या घराजवळची मीटिंग क्लोज्ड आहे, मी खाली चहावाल्याकडे थांबेन. काय झालं ते विचारणार नाही. जेवून इथेच झोप. पथकात यंदा येणार नाही म्हणून काय सांगायचं ते तू ठरव. खांदा दुखतोय म्हणालास तरी चालेल, फक्त मग आई खरोखरच शेक द्यायला घेईल.

तुझा,
बाबा