गोल्डबर्गर लोकांच्या लक्षात का राहिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी खेळांच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर बहुतेक पदकतक्त्यापुरत्याच येतात. स्की जंपिंगचा, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत येऊन लांब उडी मारण्याच्या खेळाचा, तर कुणीतरी पडतानाचा एखादा फोटो असतो, बस्स. मी नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात लिंझला राहते, म्हणून इथल्या आन्द्रेआस गोल्डबर्गर या स्की जंपरविषयी लिहावेसे वाटले. २००५ मध्ये निवृत्त झालेल्या या खेळाडूला लोक आजही 'गोल्डी' म्हणूनच ओळखतात.

पदकतक्त्यात शोधलात तर तो जेमतेम सापडेल. ऑलिम्पिकमध्ये त्याला सुवर्ण मिळाले नाही. १९९४ मध्ये नॉर्वेतल्या लिलेहामरला दोन कांस्यपदके, तेवढीच. पण विश्वचषकाची मालिका त्याने तीनदा जिंकली आणि नववर्षाच्या सुमारास रंगणारी 'फोर हिल्स' स्पर्धा दोनदा. १७ मार्च १९९४ ला स्लोव्हेनियातल्या प्लानित्सा इथे त्याने २०२ मीटर उडी मारली. स्कीवरून दोनशे मीटरपलीकडे तोवर कुणीच पोचले नव्हते. मात्र उतरताना त्याचे हात बर्फाला टेकले आणि ती उडी विक्रमात धरली गेली नाही. त्याच दिवशी फिनलंडचा टोनी निएमिनेन २०३ मीटरवर नीट उतरला, मान त्याला गेला आणि तो रास्तच होता. सहा वर्षांनी त्याच प्लानित्सात गोल्डबर्गरने २२५ मीटरचा विश्वविक्रम केला.

मधल्या काळात, १९९७ मध्ये, कोकेन घेतल्याचे त्याने जाहीरपणे कबूल केले. बंदी आली. दुसऱ्या देशाकडून खेळण्यापर्यंत गोष्ट गेली, पण शेवटी तो ऑस्ट्रियाकडूनच परतला. लोकांनी त्याला पुन्हा आपले म्हटले, त्यात त्या कबुलीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

निवृत्तीनंतर मात्र त्याने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तो सरकारी वाहिनीवर सहसमालोचक झाला आणि हेल्मेटला कॅमेरा लावून स्वतः उड्या मारू लागला. सुरुवातीला ज्यावर बसतात त्या आडव्या दांडीवरून तो सुटतो, बर्फातल्या दोन सरळ खाचांमधून ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, एका क्षणी खाचा संपतात आणि पडद्यावर फक्त फाकलेल्या स्कींची टोके आणि खूप खाली माणसे दिसतात. कधीही स्कीवर उभ्या न राहिलेल्या माझ्यासारखीलाही तेव्हा कळते की उडी म्हणजे निव्वळ धाडस नव्हे. दांडी सुटल्यापासून पाय टेकेपर्यंत शरीर सावरण्याचे ते काम आहे.

आपल्याकडे निवृत्त खेळाडू दिसतो तो शाल-श्रीफळ घेताना. त्याच्याकडचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण आपल्या पानावर कबड्डीच्या, खो-खोच्या जुन्या खेळाडूंना दर आठवड्याला जागा द्यावी, ही विनंती. चढाई करताना श्वास कसा राखायचा, बोनससाठी पाय नेमका कधी टाकायचा, हे त्यांनाच लिहू द्या. सत्काराच्या बातम्या थोड्या कमी केल्या तरी जागा निघेल.

आपली,
एक नियमित वाचक, लिंझ (ऑस्ट्रिया)